खापरपणजोबा सापडले, पणजीचं काय?

२०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि थोड्याच दिवसांत हा शोध राज्यभर गेला. अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षं न सुटलेली बासनं सुटली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. कोतवाल बुकांतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले, जुने फेरफार धुंडाळून घरोघर वंशावळी मांडल्या गेल्या. ज्यांना आजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नव्हतं त्यांना खापरपणजोबा सापडले, तेही जातीच्या रकान्यासकट. सामान्य शेतकरी घरांनी आपल्या पूर्वजांचा इतका मोठा शोध याआधी कधी घेतला नसावा.

आता यातली एखादी वंशावळ समोर धरा. मुलगा, बाप, आजोबा, पणजोबा अशी नावं एकाखाली एक उतरत जातात. बाई कुठेच नाही. जातीचा दाखला बापाकडून मिळतो, म्हणून बापाचाच माग काढला गेला. यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण वंशावळ हातात आली म्हणजे घराची हकिकत हाती आली, अशी समजूत मात्र रुजते आहे, आणि ती चुकीची आहे. हकिकत कागदात नसते, ती सांगणाऱ्यापाशी असते. ती कशी काढायची, कितपत खरी मानायची आणि कुठे ठेवायची, याचा विचार मौखिक इतिहास नावाच्या अभ्यासशाखेने बराच केला आहे. मराठीत त्यातलं काय झालं आणि काय राहिलं हे पाहायचं, तर सुरुवात नगर जिल्ह्यातल्या नेवाशापासून करावी.

नेवासा हे बोललेलं लिहून घेतल्याचं गाव आहे. शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी इथे गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून हे सांगणं झालं म्हणतात, त्या पैसाच्या खांबाला आजही लोक डोकं टेकवतात. लिहून घेणाऱ्याचं नाव मराठी माणसाने सातशे वर्षं विसरू दिलं नाही, ही यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट. आपल्या घरातल्या रेकॉर्डिंगवर ते कुणी केलं, हे सहसा नसतं.

पद्धतीच्या दृष्टीने मात्र खरा गुरू म्हाइंभट. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून म्हाइंभटाने त्या गोळा केल्या, ऋद्धिपुराला नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झालं. त्यातली कितीतरी स्थळं याच टापूतली आहेत. गोदाकाठचं डोमेग्राम, म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं आजचं कमालपूर, नेवाशापासून फार लांब नाही. पुढे यादवांचं राज्य कोसळतानाच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती पुन्हा उभी केली. त्यात हिराइसा नावाच्या बाईचा पाठ मानाने घेतला जातो. वेगवेगळ्यांच्या आठवणीत फरक पडला तेव्हा महानुभावांनी ते फरक घोटून एक केले नाहीत. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, असं नोंदवून दोन्ही ठेवले. विसाव्या शतकातल्या विद्यापीठांनी जे शिस्त म्हणून शिकवलं, ते गोदावरीच्या खोऱ्यात तेराव्या-चौदाव्या शतकात रुळलेलं होतं. हे अभिमानाने मिरवण्यापेक्षा उचलून वापरण्यासारखं आहे: दोन चुलत्यांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली, तर दोन्ही ठेवा.

मध्ययुगात घराण्याची हकिकत सांगून लिहून घेण्याचा दुसरा एक प्रकार होता, तो करीन्याचा. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांवरून तंटा लागला की दोन्ही पक्ष आपापल्या घराण्याचा करीना देत. मूळपुरुष कोण, वतन कसं मिळालं, भाऊबंदांनी काय केलं, दुष्काळात कोण परागंदा झालं, हे सगळं त्यात यायचं. मग गोतसभा बसायची, बलुतेदारांच्या साक्षी व्हायच्या आणि महजर तयार व्हायचा. कैफियती, यादी अशा नावांनी यातले पुष्कळ कागद छापलेही गेले आहेत. वाचताना लक्षात येतं की करीना सांगणारा प्रत्येक जण वतन मिळवण्यासाठी बोलतो आहे, आणि तेवढंच बोलतो आहे. इतिहासकार राजवाड्यांच्या पिढीने ऐकीव माहितीवर आणि बखरींवर अविश्वास दाखवून अस्सल कागदावर भर दिला तो योग्यच होता. पण त्यातून एक सवय जडली. कागद म्हणजे खरं आणि सांगणं म्हणजे गप्पा, असं आपण धरून चाललो. ज्यांच्या घरात कधी कागदच आला नाही, त्यांचा इतिहास त्यामुळे आपोआप बाद झाला.

बाहेरच्या जगात ही शाखा आधुनिक रूपात उभी राहिली ती १९४८ साली, कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांच्या पुढाकाराने. तिथला सुरुवातीचा भर मोठ्या माणसांवर होता. आपल्याकडे नेहरू स्मारक संग्रहालयाने साठच्या दशकापासून स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांचाही कल साधारण तोच. सामान्य माणसाकडे वळण्याचं श्रेय १९७८ साली ‘द व्हॉइस ऑफ द पास्ट’ लिहिणाऱ्या पॉल थॉम्पसन यांच्यासारख्यांना द्यावं लागतं.

मराठीतलं काम संख्येने थोडं असलं तरी कसदार आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. ज्या स्त्रियांची नावं चळवळीच्या कागदपत्रांत जेमतेम सापडतात, त्या इथे स्वतः बोलल्या. मुंबईत ‘स्पॅरो’ ही स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह करणारी संस्था १९८८पासून काम करते आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांतून तिथला शंभर वर्षांचा इतिहास २००४ साली ग्रंथरूपात आणला. आणि सर्वांत अफाट काम गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांचं. पुण्याच्या त्यांच्या संस्थेने हजारावर गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. २०१७पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या ओव्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासकट लोकांपुढे ठेवतो आहे. ओवी म्हणजे काही मुलाखत नव्हे. पण माहेर, सासूचा जाच, भावाची वाट पाहणं, गेलेलं मूल याबद्दल जी बाई समोरासमोर चकार शब्द काढणार नाही, ती जात्यापाशी बसली की हे सारं म्हणते. घरातल्या म्हातारीला प्रश्न विचारण्याआधी तिला येत असलेल्या ओव्या म्हणायला सांगाव्यात, हा धडा मला या प्रकल्पातून मिळालेला सर्वांत उपयोगी धडा वाटतो.

एकाच कुटुंबापुरतं पाहायचं तर नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) घ्यावं. निवृत्तीनंतर रिकाम्या बसलेल्या, शाळा जेमतेम शिकलेल्या वडिलांना मुलाने आठवणी लिहायला लावलं आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच नगर जिल्ह्याच्या मातीशी जोडलेली. ती काही मुलाखतीतून आली नाहीत, पण बोलता बोलता लिहिल्याची त्यांची चाल ज्याला घरातला आवाज कागदावर आणायचा आहे त्याने डोळ्यांसमोर ठेवावी.

म्हणजे चळवळींचं झालं, कामगारांचं झालं, ओव्यांचं झालं. ज्यांच्या घरात चळवळ नाही, लेखक नाही, वतनही नाही, अशा घरांचं राहिलं. नेवासा तालुक्यात अशी घरं किती असतील याची मोजदाद करायची गरज नाही. बहुतेक सगळी तशीच.

इथे प्रत्यक्ष विचारायला बसलं की काय होतं ते पाहू. ‘बहात्तरच्या दुष्काळात काय झालं?’ असं विचारलं तर कुठल्याही गावात ठरलेलं उत्तर येतं: लई हाल झाले, मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. ते खरंच असतं, पण वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेलं असतं. प्रश्न जरा खाली आणा. दुष्काळी कामावर कितव्या मैलाला होतात? खडी फोडताना पोराला कुठे ठेवायचात? मस्टरवर नाव कुणाचं लागायचं, तुमचं की मालकांचं? ब्रास भरला नाही तर मुकादम काय करायचा? पहिल्या पगाराचं काय आणलंत? या प्रश्नांची तयार उत्तरं कुणाकडे नसतात. सांगणारी थांबते, आठवते आणि मग बोलते. झोळी कुठल्या झाडाला बांधली, कुणाच्या म्हातारीने पोरं राखली, हातोडीने अंगठा फुटला तेव्हा वर काय लावलं, हे सगळं बाहेर येतं. पुढे १९७७च्या कायद्याने रोजगार हमीचा जो हक्क झाला, त्याची पाळंमुळं या बायांच्या अंगठ्यात आहेत, आणि कायद्याच्या इतिहासात अंगठा सापडत नाही.

सालाचंही असंच. ‘किती साली?’ हा प्रश्न फुकट जातो. इथलं कॅलेंडर वेगळं आहे. मानमोडीची साथ (१९१८) आता फक्त ऐकीव उरली. पण कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तर, मुळेचा पाट येण्याआधी आणि पाट आल्यावर, जायकवाडीचं पाणी चढलं ते वर्ष, या खुणांवर लग्नं आणि बाळंतपणं बरोबर बसवता येतात. पाट आला आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, भेंड्याला आणि सोनईला कारखाने झाले, त्याबरोबर घरात काय काय बदललं, हे पुरुष टनेजच्या भाषेत सांगतात. बायका सांगतात ते वेगळं: पाणी आलं, गडी वाढले, भाकरी वाढल्या.

आता पणजीकडे येऊ. तिचं नाव का सापडत नाही याचं एक साधं कारण आहे: तिला दोन नावं होती. माहेरचं लग्नाच्या दिवशी पुसलं गेलं आणि सासरचं ताटातल्या तांदळात लिहिलं गेलं. पुढे ती अमक्याची आई झाली आणि दुसरं नावही वापरातून गेलं. श्राद्ध करणाऱ्या घरांत आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांची नावं निदान संकल्पापुरती उच्चारली जातात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांच्या चोपड्यांत पिढ्या सापडतात, पण तिथेही पुरुषांची ओळ ठळक. म्हणून प्रत्येक बाईला माहेरचं नाव, गाव आणि तिच्या आईचं माहेर विचारावं. एवढ्या एका प्रश्नाने वंशावळीची सरळ काठी राहत नाही, तिचं जाळं होतं. नेवासा तालुक्यात तर ते गोदावरीपलीकडे जातं, कारण सोयरिकी पलीकडच्या गंगापूर-पैठणकडे होत्या, आणि १९४८पर्यंत नदीपलीकडे निजामाची हद्द होती. लेक दिली म्हणजे परक्या राज्यात दिली.

इथेच आठवणीच्या सर्वांत अवघड भागाला हात लागतो. नदीकाठच्या घरांत रझाकारांच्या गोष्टी आहेत. पलीकडून रातोरात आलेले पाहुणे, घरात लपवलेल्या मुली, पुरलेलं सोनं. त्या सांगितल्या जातात आणि सांगायलाच हव्यात. सप्टेंबर १९४८च्या पोलिस कारवाईनंतर पलीकडच्या त्याच गावांतल्या मुसलमान शेजाऱ्यांचं काय झालं, याबद्दल मात्र तीच घरं गप्प असतात. पंडित सुंदरलाल समितीचा त्यावरचा अहवाल सरकारनेही दीर्घकाळ दाबून ठेवला होता. सरकारचं मौन आणि घराचं मौन यांची कारणं वेगळी असतात, पण परिणाम एकच होतो. उर्वशी बुटालिया यांनी फाळणीवर लिहिताना स्वतःच्या मामापासून सुरुवात केली; मामा पलीकडे राहिला, धर्म बदलला आणि घरात त्याचं नाव निघेनासं झालं. आपल्या घरांतून असे मामा कमी नसतील. मुलाखत घेणाऱ्याने एवढंच करावं, की प्रश्न एकदा विचारावा, उत्तर आलं नाही तर रेटू नये, आणि उत्तर आलं नाही हे नोंदवावं.

सांगितलेलं चुकीचं निघालं तर? इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांना विचारलं, तेव्हा कित्येकांनी तो १९५३च्या कामगारकपातीच्या वेळी गेल्याचं सांगितलं. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त केली आणि त्यापुढे जाऊन ती वाचली: कपातीच्या वेळी आपण हरलो, हे कामगारांना इतकं लागलं होतं, की हुतात्मा त्यांनी त्या लढ्याला जोडून टाकला. घरातल्या ‘आपली शंभर एकर होती’ या वाक्याकडेही असं पाहता येतं. सातबाऱ्यावर तेवढी कधीच नसेल. मग शंभर का म्हणतात, आणि ती कुणी खाल्ली म्हणून सांगतात? सावकाराने, भाऊबंदाने, कुळकायद्याने, की धरणाने? जमिनीचा हिशेब तलाठ्याकडे मिळेल, पण राग कुणावर आहे हे फक्त इथे कळेल.

जमिनीवरून आठवलं. फोन मधे ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं की घरातली माणसं सर्वांत आधी वाटणीच्या भीतीने आवळतात. १९९४च्या राज्य दुरुस्तीने आणि पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने मुलींना वडिलार्जित मिळकतीत हक्क दिला. तेव्हापासून आत्याने हक्कसोडपत्रावर सही कशी केली, हा नाजूक विषय झाला आहे. आज सहज बोललेलं वाक्य उद्या वकिलाच्या टेबलावर जाऊ शकतं, हे सांगणाऱ्याला बरोबर कळतं. म्हणून सगळ्यांना एकत्र ओसरीवर बसवून घेतलेल्या मुलाखतींवर माझा फारसा भरवसा नाही. तिथे थोरला बोलतो, बाकीचे माना डोलावतात आणि सून चहा आणते. एकेकाला वेगळं ऐकावं, सासूला सुनेदेखत नको आणि सुनेला सासूदेखत नकोच. कोण कोण हजर होतं हे प्रत्येक वेळी टिपावं. आणि सांगणाऱ्याला हवं असेल तर ‘मी असेपर्यंत हे कुणाला ऐकवू नका’ अशी अट मान्य करून ती लिहून ठेवावी. परवानगी म्हणजे एकदा घेतलेली सही, असं नव्हे. चार दिवसांनी तिने ‘ते तेवढं काढ’ म्हटलं तर काढायचं.

उतरवून घेताना होणारा घात निराळाच. तासाभराचं बोलणं नीट उतरवायला चार-सहा तास सहज जातात, आणि कंटाळलेला शिकलेला नातू ‘म्या गेल्ते’चं ‘मी गेले होते’ करून टाकतो. आजीची भाषा त्याला अडाणी वाटते, आणि नकळत तो तिच्या तोंडी आपली शाळा घालतो. असं करू नये. पुढच्यांना अर्थ लागणार नाही असं वाटलं तर खाली टीप द्यावी. मूळ शब्द हलवू नये. ख्रिस्ती घरांच्या बाबतीत ही काळजी जास्त लागते. तालुक्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं होतं. मिशनचे अहवाल अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असत, त्यांचा सूर ठरलेला. पणजोबांनी धर्म का बदलला याचं घरात चालत आलेलं कारण त्या सुरात बसेलच असं नाही.

उपकरणांबद्दल फार लिहायला नको. साधा मोबाइल पुरतो. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद ठेवावेत. ओव्या असतील तर तेवढंही अवडंबर नको. सुरुवातीलाच तारीख, गाव, सांगणाऱ्याचं आणि विचारणाऱ्याचं नाव बोलून घ्यावं. खरी बोंब साठवणीची आहे. मुलाखत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, चौघांनी हात जोडले, पुढच्या वर्षी फोन बदलला आणि सगळं गेलं, ही सर्रास घडणारी गोष्ट. तीन प्रती तीन ठिकाणी, त्यातली एक गावाबाहेर, आणि फाइलला ‘आजी नवीन २’ असलं नाव नाही, एवढं सांभाळलं तरी खूप झालं. गावोगावच्या अनुदानित वाचनालयांनी किंवा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थांनी तालुक्यापुरता असा संग्रह उघडायला काय हरकत आहे? नाण्यांना आणि शस्त्रांना कपाट मिळतं, मग आवाजाला का नाही?

नेवाशात तर उशीर झालेला आहे. १९५४ ते ५६ आणि पुन्हा १९५९च्या पुढे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाडमोडच्या टेकडीवर उत्खनन केलं. दगडी हत्यारांपासून मध्ययुगापर्यंतचे थर मोकळे झाले, नेवाशाचं नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत कायमचं गेलं. त्या खड्ड्यांतून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसांना त्या मातीत काय दिसलं, हे विचारायला आता नव्वदीच्या घरातली माणसं शोधावी लागतील. जायकवाडीचं मात्र अजून हातात आहे. १९६५ला पायाभरणी झाली, १९७६ला धरण राष्ट्राला अर्पण झालं, आणि नेवासा-शेवगावच्या गोदाकाठची गावं व मळ्या पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही घरं अजून तिथे गाळपेर करतात. त्या वेळी पंचविशीत असलेली बाई आज पंचाहत्तरीला आली आहे. तिला मोठा पांढरा कागद द्या आणि बुडालेल्या गावाचा नकाशा सांगायला लावा: देऊळ, पार, पाणवठा, मग घरं. सोबत तिच्या वयाची एखादी जाऊ किंवा नणंद असली तर घरांचा क्रम लवकर लागतो, आणि जिथे दोघींचं जुळत नाही तिथे दोन्ही घरं काढून ठेवावीत.